एक चिंचोका कमी

मामा, चिंचोका सापडला.

तीन वर्षं ज्याच्यावरून क्लबात वाद झाले, ज्याच्यापायी बिचाऱ्या गायकवाड आप्पांना दर दिवाळीला टोमणे खावे लागले, तो चिंचोका परवाच्या रविवारी सापडला. कुठे होता ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. सुनेने सासऱ्यासाठी रडावं अशी रीत आहे, आणि मी रडलेही आहे. पण आज मला रडण्यापेक्षा ओरडावंसं वाटतंय. मी जिंकले होते, मामा. तुम्ही डाव सोडून दिला नव्हतात, मी तो तुम्हाला सोडायला लावला होता.

महेश म्हणतो, लिहितेच आहेस तर पहिल्यापासून लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सासरा गेल्यावर सुनेचं डोकं फिरलं. तुमचा मुलगा आहे, पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही त्याला, पण एवढं खरं बोलला. म्हणून पहिल्यापासून लिहिते. त्या दिवशी माझ्या हातात कोणती पानं होती ते मात्र शेवटी सांगेन. तीन वर्षं ती मी कुणालाही सांगितलेली नाहीत. ती ऐकायचा पहिला मान तुमचा.

लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही दोघं शिरूरला राहायचो, अजूनही तिथेच आहोत. रांजणगावची कंपनीची बस तिथून सोयीची पडते. रविवारी मात्र दौंडला, तुमच्याकडे. जेवणं झाली की महेश आडवा व्हायचा, सासूबाई, म्हणजे आपल्या आत्या, टीव्हीपुढे लसूण सोलत बसायच्या आणि तुम्ही ओसरीवर सतरंजी टाकून एकटेच पत्ते खेळायचात. दोन्ही बाजूंची पानं तुम्हीच वाटायचात, इकडून बघायचात, मग उठून तिकडे जाऊन बसायचात. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढलेला माणूस, एकटेपणाची सवयच. मी एकदा चहा द्यायला आले आणि न राहवून विचारलं, "मामा, तुम्ही स्वतःलाच फसवता होय?"

"फसवतो की," तुम्ही म्हणालात. "आन् पकडतो बी. बस."

माझ्या माहेरी, मांडवगणला, सासऱ्यासमोर सून खाली बसते तीसुद्धा अंग चोरून. मी उभीच राहिले. तुम्ही पानं वाटून मोकळे झालात आणि माझ्या वाटणीची दोन पानं सतरंजीच्या रिकाम्या कडेला सरकवलीत. मग बसले. आतून आत्यांचा आवाज आला, "सुनंला पत्तं शिकवताय? लोक काय म्हंतील?" तुम्ही म्हणालात, "लोकांचं काय, लोक उद्या इसरतील. तू लसूण सोल."

तो खेळ पोकर. क्लबातल्या कुणी बोटीवर नोकरी केलेल्या गृहस्थाने तो दौंडच्या रेल्वे कॉलनीत आणला आणि रमी खेळणाऱ्या तुम्हा सगळ्यांना बिघडवून टाकलं. प्रत्येकाला दोन झाकली पानं. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडायची, आधी तीन, मग एक, मग एक. त्यांना तुम्ही लोक 'पंच' म्हणायचात. आपली दोन आणि पंच मिळून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्याला चिंचोके लावायचे. दुसऱ्याने तेवढेच लावायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. सगळ्यांनी टाकली तर उरलेला माणूस पानं न दाखवता ढीग ओढतो. खेळाची सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे, हे तुम्ही मला पहिल्याच रविवारी सांगितलंत. चांगल्या पानांवर कुणीही जिंकतो. पानं वाईट असताना दुसऱ्याला उठायला लावणं, ती खरी थाप.

पैसे नाहीत, हा क्लबाचा नियम. भाजलेले चिंचोके, आणि दहा चिंचोक्यांना एक कवडी. दिवाळीनंतरच्या रविवारी मोठी स्पर्धा. सगळ्यांना सारखा ढीग. ज्याचा संपला तो उठला, आणि जो उठला त्याने उरलेल्यांना चहा करून आणायचा. सोडलेली पानं पालथीच टाकायची. ती नंतर कधीच कुणाला दाखवायची नाहीत, घरीसुद्धा सांगायची नाहीत. या शेवटच्या नियमाने माझा जीव तीन वर्षं टांगणीला लावला.

पहिल्यांदा मला क्लबात घेऊन गेलात तो दिवस आठवतो? एक गडी कमी पडत होता. जोशी मास्तर, निवृत्त स्टेशन मास्तर आणि क्लबाचे तहहयात सेक्रेटरी, दारातच उभे राहिले. "गार्डसाहेब, लेडीजची पद्धत नाही हो आपल्याकडे."

तुम्ही वाद घातला नाहीत. "पद्धत न्हाई तर न्हाई," म्हणालात. "मंग आमचं टेबल तेवढं घरी पोचवा. मी आन् सून घरीच खेळू."

"टेबल तुमचं आहे?"

"मंग कुणाचं?"

हिरव्या कापडाचं ते जड टेबल. मास्तरांनी एकेकाकडे पाहिलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. मास्तर बाजूला झाले. घरी जाताना मी विचारलं, मामा, टेबल खरंच आपलं? "छ्या! क्लबाचंच हाय. मी नोकरीला लागलो तवापास्नं तिथंच हाय." आणि मास्तरांनी खरंच टेंपो बोलावून टेबल घरी पाठवलं असतं तर? "तर घरात टेबल आलं असतं. आपलं काय गेलं असतं? त्यांचा खेळ बंद पडला असता. थाप कुठं मारायची, तर समोरच्याचं जास्त जाणार असंल तिथं."

हा पहिला धडा. दुसरा मी माझ्या हाताने शिकले. त्याच दिवशी मी गायकवाड आप्पांना थाप मारायला गेले. हातात काही नाही, आणि अर्धा ढीग पुढे सरकवला. आप्पांनी एक चिंचोका तोंडात टाकला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि छक्क्यांच्या जोडीवर तेवढेच चिंचोके लावले. "सुनबाई, मला बगायचंच आसतंय," म्हणाले. मी सगळ्यांत आधी उठले आणि चहा केला. परतताना मी मोटारसायकलवर मागे बसले होते. तुम्ही हेल्मेटमधूनच ओरडलात, "आप्पाला कशापायी थाप मारतीस? त्यो सोडतच न्हाई. ज्याला सोडता येतं त्यालाच फसवता येतं!" शेजारून उसाची ट्रॉली चालली होती, तिचा ड्रायव्हर आपल्याकडे बघायला लागला.

आप्पांचा चिंचोका तोंडात गेला की काय समजायचं तेही तुम्हीच शिकवलंत. पानं भारी असली तर आप्पा चावत नाहीत, हलकी असली तरी चावत नाहीत. सोडावं की लावावं हे कळेनासं झालं, माणूस खरोखर कात्रीत सापडला, की चिंचोका तोंडात. "माझ्या तोंडात कवा बगितलास?" छाती पुढे काढून विचारायचात. कधीच नाही. तुमचा चेहरा म्हणजे बंद फाटक.

ओसरीवर किती रविवार गेले त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. तुम्ही शिकवायचात आणि मी भांडायचे. तुम्ही म्हणायचात, शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हाच थाप मार, "शेवटच्या डब्यातनं सगळी गाडी दिसती." मी म्हणायचे, पण पहिल्यांदा बोलणारा घाबरवतोही. तुम्ही म्हणायचात, थाप पहिल्या पानापासून रचायची, मधल्या पंचांशी तिचा मेळ बसला पाहिजे. शेवटच्या पानावर सुचली तर ती थाप नव्हे, तो घाबरटपणा. हे मात्र मी कंपनीतसुद्धा वापरलं. बाहेरून येणारा माल तपासणं हे माझं काम. एकदा पुरवठादाराचा माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "मॅडम, माल एकदम बढिया है, देखने की जरूरत ही नहीं." एरवी तो माणूस कधी बोलायचा नाही. पहिल्या पानापासून ज्याची गोष्ट वेगळी आणि शेवटच्या पानावर वेगळी, त्याचा ढीग उघडून बघावा. मी सगळ्या पेट्या उघडायला लावल्या, आणि अर्ध्या परत पाठवल्या.

आता तो दिवस. तीन वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची स्पर्धा. आप्पा सगळ्यांत आधी उठले होते. दुपार कलली तेव्हा टेबलावर दोघंच उरलो, तुम्ही आणि मी. सगळा क्लब खुर्च्या ओढून भोवती बसला. जोशी मास्तर म्हणाले, "आता सासरे-सून. घरचंच आहे." लोक हसले. मला ते हसणं आवडलं नाही. म्हणजे जिंकले तरी घरचं, हरले तरी घरचं.

पानं वाटली. माझी दोन पानं मी कोपरा उचलून पाहिली आणि पालथी घातली. अगदी टाकाऊ. पण ढिगात दोघांचेही थोडे चिंचोके आधीच गेले होते आणि शेवटी बोलायची पाळी माझी होती. राहिले डावात. पंच उघडले: बदाम एक्का, बदाम नव्वी, इस्पिक तिर्री. तुम्ही चिंचोके लावलेत. एखादंच ठराविक पान आलं तर माझी पाच लागोपाठ पानांची ओळ लागणार होती, नाहीतर हात रिकामा. मी तेवढेच लावले. चौथं पान किलवर गुलाम. माझ्या कामाचं नव्हतं. तुम्ही आणखी लावलेत, जरा जास्त. तिथे मी थांबले, आणि तिथेच सगळं ठरवलं.

काय ठरवलं ते आज सांगते, कारण त्या वेळी तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगू शकत नव्हते. दिवसभरात मी एकदाही थाप मारली नव्हती. दोनदा पानं दाखवायची वेळ आली, दोन्ही वेळा भारी निघाली. माझा ढीग तुमच्याहून थोडा लहान, पण तुम्ही लावलंत आणि हरलात तर हातात मूठभर उरणार, एवढा मोठा. पंचांत दोन बदाम होती, आणि एकाच रंगाची पाच पानं जमली तर हात फार भारी. मी दोनदा मुकाट्याने चिंचोके लावणं, म्हणजे हिच्या हातात दोन बदाम आहेत आणि ही तिसऱ्याची वाट बघतेय, अशी गोष्ट आपोआप तयार झाली होती. तिसरं बदाम आलं तर ते माझंच म्हणून वागायचं. आणि समोर तुम्ही होतात. गायकवाड आप्पा असते तर मी पानं फेकली असती. पण तुम्हाला सोडता येत होतं, मामा. आणि सून सासऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. एवढ्याच एका भांडवलावर मी चिंचोके लावले.

पाचवं पान उलटलं. बदाम सत्ती.

तुम्ही टेबलावर बोटाने टिचकी मारलीत, म्हणजे तुमचं काही लावायचं नाही. मी माझा सगळा ढीग, कवड्यांसकट, दोन्ही हातांनी पुढे सरकवला. बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज. हात मांडीवर ठेवले आणि तुमच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत बसले. चेहऱ्याकडे बघायचं धाडस नव्हतं. तुम्ही किती वेळ घेतलात देव जाणे. बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, एकेक डबा धडकत होता. तुमचा हात मिशीपर्यंत गेला, तोंडावरून फिरला, खाली आला. मग तुम्ही पानं पालथी टाकलीत. त्यानंतर तुमच्याकडे उरलं ते दोन-चार डावांत संपलं, आणि तुम्ही खुर्ची मागे सारून उठलात.

आणि चहा केलात. क्लबाच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवून, आलं ठेचून. सगळ्यांसमोर तुम्ही उभे, मी बसलेली, आणि तुम्ही माझ्या हातात कप दिलात. "बरा झालाय का?" विचारलंत. माझ्या तोंडून शब्द फुटेना, नुसती मान हलवली. "तुम्ही नाही घेत?" मास्तरांनी विचारलं. "मला नगं. लई गरम हाय," म्हणालात आणि हसलात. मिटल्या ओठांनी, मिशीतल्या मिशीत. ते हसू मी तीन वर्षं विसरले नाही.

कारण त्या हसण्यावरच सगळं फिरलं. लोक म्हणाले, बघा, सुनेला जिंकू दिलं, मन मोठं म्हणतात ते हे. महेशसुद्धा म्हणाला, "जाऊ दे ना, बाबांनी सोडलं म्हणून काय झालं?" मी तुम्हाला किती वेळा विचारलं! ओसरीवर विचारलं, गाडीवर विचारलं, एकदा तर आत्यांसोबत पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक करताना मध्येच येऊन विचारलं. तुम्ही नुसते तसेच हसायचात. "सोडल्याली पानं बोलायची न्हाईत." मी म्हणायचे, पानं नका सांगू, एवढंच सांगा, मुद्दाम सोडलंत का? की हसू. मला राग यायचा, मामा. मला तुमची दया नको होती. माझ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट होती जी मी पूर्ण माझ्या डोक्याने, माझ्या छातीने जिंकले होते, आणि ती माझी आहे की तुम्ही दिलेली हेच मला कळत नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. खेळ संपला की जोशी मास्तर चिंचोके मोजून पिशवीत भरतात, बँकेत नोटा मोजाव्यात तसे. एक कमी भरला. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं.

"आईच्यान खाल्ला न्हाई!" आप्पा ओरडले. "म्या पयलाच उठलोय, माझं चिंचोकं कवाच गेलं!"

कुणी विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून दर वर्षी, मोजणी झाली की कुणीतरी म्हणणार, आप्पा, यंदा भूक नाही का?

आणि त्याच आठवड्यात तुमची दाढ तुटली. आत्यांच्या शंकरपाळ्याने. दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. तुम्ही गाल धरून डॉक्टरला सांगत होतात, "काय सांगू, बायकू शंकरपाळी न्हाई, गिट्टी तळती." पुढे दोन्ही दिवाळ्यांत आम्ही आत्यांच्या शंकरपाळ्यांची टिंगल केली. पाव्हण्यांना आधी वाटीत दूध देऊ का विचारायचो. आत्या काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, किती सोशिक बाई.

त्यानंतरच्या दोन्ही स्पर्धा तुम्ही जिंकलात. दोन्ही वेळा शेवटी आपण दोघंच. दोन्ही वेळा थाप मारायची चांगली संधी आली, पाळी शेवटची, पंच माझ्या बाजूचे. पण मनात यायचं, मागच्या वेळी यांनी सोडलं नसतं तर? यांना खरंच हलवता येतं का? हात पुढे व्हायचा आणि थांबायचा. मी पानं टाकायचे. तुम्ही ढीग ओढायचात.

गेल्या महिन्यातलं हॉस्पिटल मला लिहायचं नव्हतं. पण तेही आपल्या दोघांमधलंच आहे. दुपारी मी एकटी होते. तुम्ही म्हणालात, "आता बरं वाटतंय गं. परवा घरी जाऊ. दिवाळीच्या आत पायऱ्या चढतो." तुमचा आवाज ठीक होता, चेहरा नेहमीसारखा बंद. पण चादरीवरचा हात जाग्यावर नव्हता. मला कळलं, मामा. मी तुमच्याकडूनच शिकलेली. हातात काही नसताना तुम्ही सगळा ढीग पुढे सरकवला होतात, माझ्यासाठी, मी रडू नये म्हणून. आणि मी म्हणाले, "हो, परवा जाऊ. स्पर्धेला गडी कमी नको पडायला." त्या दिवशी मी मुद्दाम सोडलं. मुद्दाम सोडणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं. जिवावर येतं, पण मन शांत असतं. आणि मग वाटलं, त्या दिवाळीला तुमचंही असंच झालं असेल का? तुम्ही गेलात तेव्हा हा प्रश्न तसाच माझ्याकडे राहिला. खरं सांगते, दहाव्याला घाटावर बसले होते तेव्हासुद्धा तो डोक्यात होता.

तेराव्यानंतर जोशी मास्तर घरी आले. बसले, पाणी प्यायले, तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग अवघडून म्हणाले, "वहिनी, क्लबात गार्डसाहेबांचं टेबल आहे. त्यांची आठवण. तुम्ही म्हणाल तर घरी पाठवून देतो."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत्यांकडे. मला हसू फुटायला लागलं, मी पदर तोंडाला लावला. मास्तरांना वाटलं हुंदका. आत्या म्हणाल्या, "मास्तर, रविवारी म्या सवताच येती तिकडं. मंग ठरवू."

इतक्या वर्षांत आत्यांनी क्लबाची पायरी चढली नव्हती. परवा रविवारी चढल्या. मीही सोबत होते. तुमची खुर्ची रिकामी ठेवलेली, तिच्यावर तुमचा फोटो आणि हार. सगळे उभे राहिले. गायकवाड आप्पांचे डोळे लाल होते. ते मला म्हणाले, "सुनबाई, असा माणूस व्हायचा न्हाई. हातातला डाव सुनंला सोडला त्यांनी. कोण सोडतं?" मला परत तोच राग आला, तुमच्या फोटोसमोरच.

आत्यांनी टेबलावरून हात फिरवला. "मास्तर, ह्ये टेबल आमचं न्हाई. क्लबाचंच हाय. त्यांनी थाप मारली हुती, सुनंला आत घ्यावं म्हणून."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

"आन् दुसरं," आत्या म्हणाल्या. "आप्पा, तुमच्यावर उगा आळ आला. तो चिंचोका ह्यांनीच खाल्ला. माझी शंकरपाळी चांगली हुती. तीन वर्सं माझ्या शंकरपाळ्याची बदनामी झाली, म्या सोसली, कारण ह्यांनी शपथ घातली हुती. आता माणूसच न्हाई, तर कसली शपथ!"

मी आत्यांच्या दंडाला धरलं. "आत्या, कधी? कुठल्या डावात?"

"मला काय कळतंय डावातलं? तू सगळी चिंचोकी म्होरं सारलीस म्हणं, तवा. घरी आलं ते गाल धरूनच आलं. म्या इचारलं काय झालं, तर म्हंत्यात, 'पोरीनं खरंच उठवलं मला. काय करावं कळंनाच, हात आपोआप चिंचोक्याकडं गेला, आन् दाढच गेली.' चहा पन प्याले न्हाईत तितं, म्हंले, झोंबत हुतं."

आधी आप्पांना कळलं. "म्या तवाच म्हनत हुतो!" ते उडालेच. मग थांबले, माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज बदलला. "म्हंजी... सोडलं न्हवतं. कात्रीत सापडलं हुतं." त्या टेबलावरच्या प्रत्येकाला चिंचोका चावण्याचा अर्थ ठाऊक होता. तुम्हीच शिकवला होतात तो सगळ्यांना, आप्पांची चेष्टा करत. मास्तर टाळ्या वाजवायला लागले. दुखवट्याला जमलेली माणसं, मामा, पण सगळा क्लब हसत होता आणि टाळ्या वाजवत होता, आणि मी तुमच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते.

"पण मग लपवलं का?" मी आत्यांना विचारलं. "लोक काय काय बोलले, तेव्हा का नाही सांगितलं?"

"म्या बी इचारलं तसंच. तर म्हंत्यात, 'लोकांना वाटू दे म्या सोडलं. तिला बी वाटू दे. म्हंजी म्होरल्या साली मला थाप मारायचा धीर व्हनार न्हाई तिला.'"

मामा! अहो मामा! हरल्यावर हातात काय उरलं होतं तुमच्या? एक तुटकी दाढ. तेवढ्या भांडवलावर तुम्ही नुसतं मिटल्या ओठांनी हसलात, आणि दोन वर्षं मी समोर पानं टाकत राहिले. ही तुमची सगळ्यांत मोठी थाप, आणि मी पुरती फसले. एवढी मेहनत कुणी दया करायची असली तर करतं का? तुम्ही मला घाबरत होतात. सून म्हणून सांभाळलं नाहीत, गडी म्हणून घाबरलात. याहून मोठं काही तुम्ही मला देऊ शकला नसतात. मला ओसरीवर बसवलंत, खोटं बोलून टेबलाशी नेलंत, आणि मग खऱ्याने हरलात.

मास्तर म्हणाले, नवा चिंचोका टाकून पिशवी पुरी करू. मी नको म्हटलं. एक कमीच राहू दे. दर वर्षी मोजताना एक कमी भरेल, आणि दर वर्षी कुणीतरी नव्या माणसाला सांगेल की का. आप्पा तर आत्तापासूनच सांगत सुटलेत, अगदी स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यालासुद्धा. आत्यांनी येताना शंकरपाळ्यांचा डबा आणला होता, तो त्यांनी तिथल्या तिथे फिरवला. खुसखुशीत होती. सगळ्यांनी मान्य केलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी तुमच्या खुर्चीत बसणार आहे. आणि मी थाप मारणार आहे, आप्पा सोडून सगळ्यांना. चहा चांगला झाला होता, मामा. आलं जरा जास्त होतं, पण चांगला होता. तेव्हा बोलता आलं नाही.

तुमची पानं तुम्ही घेऊन गेलात. जोडी होती, की दोन जोड्या, की एक्का होता, आता कळायचं नाही, आणि नियम नियम आहे. पण माझी मी सांगणार म्हटलं होतं. तुमच्या फोटोपुढे उभी राहून सांगते, आत्या आत देवापाशी आहेत, महेश झोपलाय. बदामाचं एकही नव्हतं. साधी जोडीसुद्धा नव्हती.

किलवरची पंजी आणि चौकटची चौकी. चावा आता दुसरा चिंचोका.